तक्त्यात एक रकाना कमी आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या शिक्षण पुरवणीत परदेशी शिक्षणाचा तक्ता आला होता. देश, सरासरी शुल्क आणि ‘शिक्षणानंतर काम करण्याची मुभा’ असे तीन रकाने. त्याचं कात्रण प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे आले. मुलीला या सप्टेंबरात मास्टर्सला पाठवायचंय. शेतजमीन शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण घेत नाहीत, म्हणून नाशिकला मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला फ्लॅट तारण द्यायची तयारी. शुल्काच्या रकान्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. बोट थेट तिसऱ्यावर. “साहेब, इंग्लंड दोन वर्षं, जर्मनी दीड. म्हणजे इंग्लंडच बरं ना?”

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालोय. शेवटची नऊ वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होतो. या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याची चूक मी स्वतः पुष्कळदा केलीय, म्हणून हे पत्र.

आधी दुरुस्ती. इंग्लंडसमोर आपण छापलेली दोन वर्षं या मुलीला मिळणार नाहीत. ग्रॅज्युएट व्हिसासाठी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देणाऱ्या व्हिसासाठी, १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील, त्यांना बॅचलर्स आणि मास्टर्सनंतर १८ महिनेच मिळतील, पीएच.डी.वाल्यांना पूर्वीसारखी तीन वर्षं. सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला जाणारी मुलगी निकाल हातात घेऊन अर्ज करेल तेव्हा २०२७ संपत आलेलं असेल. म्हणजे इंग्लंड दीड, जर्मनी दीड. आकडेच पाहायचे तर बरोबरी झाली.

पण दोन्हीकडचे महिने सारखे नाहीत. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ते कोणत्या खात्यात पडतात हे पाहावं लागतं. काही देशांत शिक्षणानंतरची वर्षं पुढच्या वास्तव्याच्या खात्यात जमा होतात, काही ठिकाणी ती नुसती खर्ची पडतात. आपल्या तक्त्यात नेमका हाच रकाना नाही.

इंग्लंडचं पाहा. ग्रॅज्युएट व्हिसावरचा काळ तिथल्या कायम वास्तव्यासाठीच्या पाच वर्षांत धरत नाहीत. विद्यार्थी म्हणून काढलेलं वर्षही नाही. मोजणी स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे कंपनीने पुरस्कृत केलेला नोकरीचा व्हिसा, हातात पडल्यावर सुरू होते, आणि त्या पाचाची दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने २०२५ मध्ये मांडला आहे. त्या व्हिसासाठी पगाराची अट जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे. नुकत्याच शिकून निघालेल्यांना सवलत म्हणून ३३,४०० पौंड चालतात, पण ही सवलत जास्तीत जास्त चार वर्षं, आणि ग्रॅज्युएट व्हिसावर घालवलेले महिने त्या चारातून वजा होतात! म्हणजे ज्या मुभेची जाहिरात होते ती जमेला तर नाहीच, उलट नावेच पडते. हे मला कुठल्याही एज्युकेशन फेअरच्या स्टॉलवर ऐकायला मिळालेलं नाही.

सटाण्याकडच्या एका मुलाचं कर्ज मी मंजूर केलं होतं. वडील एसटीत वाहक. मंजुरीच्या टिपणीत मी मोठ्या समाधानाने लिहिलं होतं, ‘शिक्षणानंतर दोन वर्षे काम करण्याची मुभा असल्याने परतफेडीची क्षमता चांगली.’ मुलगा सप्टेंबर २०२२ मध्ये गेला, अभ्यास केला, पासही झाला. जानेवारी २०२४ मध्ये दोन वर्षांचा व्हिसा सुरू झाला. पहिले काही महिने गोदामात रात्रपाळी केली, मग एका लहान कंपनीत २८,००० पौंडांवर लागला. कंपनी त्याच्यावर खूश होती. पण मधल्या काळात, एप्रिल २०२४ मध्ये, पगाराची सर्वसाधारण अट २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर गेली आणि सवलतीतली २०,९६० वरून ३०,९६० वर. तो गेला तेव्हा जो पगार पुरेसा होता, तो नोकरी लागेपर्यंत अपुरा झाला. त्याच्यासाठी तीन हजार पौंड वाढवून देणं त्या कंपनीला झेपलं नाही. या जानेवारीत मुलगा परत आला. वडील पासबुक घेऊन घरी आले होते. तक्रार काही केली नाही. फक्त म्हणाले, “व्हिसा संपला, हप्ता राहिला.” माझी ती टिपणी अजून त्या फाइलमध्ये असेल.

जर्मनीचे १८ महिनेही नोकरी शोधण्यासाठीच आहेत आणि तेही वास्तव्याच्या हिशेबात येत नाहीत, हे खरं. फरक त्यानंतर आहे. जर्मन विद्यापीठाची पदवी असली आणि पदवीला साजेशी नोकरी लागली, की दोन वर्षांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. २४ महिने पेन्शनचा हप्ता भरलेला हवा आणि जर्मन भाषा बी-वनपर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत, यायला हवी. ही भाषेची अट मुलं हसण्यावारी नेतात, कारण अभ्यासक्रम इंग्रजीत असतो. मग पदवी घेऊन बाहेर पडल्यावर कळतं की मध्यम आकाराच्या कारखान्यांत मीटिंगही जर्मनमध्ये आणि चहाच्या सुटीतल्या गप्पाही जर्मनमध्ये. पुण्यात मॅक्सम्युलर भवन किती वर्षांपासून आहे! इथे नियमित वर्ग केले तर बी-वन हे साधारण वर्षभराचं काम. तिथे जाऊन प्रबंध, अर्धवेळ नोकरी आणि भाषा एकदम करायला गेलं की तिन्हींची आबाळ.

शिवाय आपल्या तक्त्यात जर्मनीसमोर ‘शुल्क नाही’ असं सरसकट छापलंय. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे जिथे श्टुटगार्ट आणि कार्ल्सरुह आहेत तिथे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क सुरू केलंय. आणि वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. ते मुलीचेच पैसे असतात, दर महिन्याला तिलाच मिळतात, पण घरातून एकरकमी काढावे लागतात.

कॅनडात काम करण्याच्या परवान्यावरचा कुशल कामाचा अनुभव खरोखर जमेला धरतात, त्या बाबतीत तो देश इंग्लंडपेक्षा उजवा. फेब्रुवारी २०२४ पासून मास्टर्स वर्षभराचं असलं तरी तीन वर्षांचा परवाना मिळू शकतो. मात्र तो आयुष्यात एकदाच. नोव्हेंबर २०२४ पासून त्यासाठी भाषेची परीक्षा आली, कॉलेजच्या बहुतेक अभ्यासक्रमांना विषयाचीही अट लागली. मार्च २०२५ मध्ये कायम वास्तव्यासाठीच्या निवडीतले नोकरीच्या ऑफरचे गुणही काढून टाकले. कुठल्याशा कॉलेजात डिप्लोमा करून पीआर, म्हणजे कायम वास्तव्य, मिळवायचं दिवास्वप्न अजून आपल्याकडे विकलं जातंय. ते कधीच शिळं झालंय.

अमेरिकेबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण तिथली गोष्ट घरोघरी माहीत आहे. वर्षभराचं ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर कामाची मुभा, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी दोन वर्षं, आणि तेवढ्या काळात एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नाव लागलं तर लागलं. म्हाडाच्या सोडतीत अर्ज करणाऱ्यांना ही भावना कळेल. नाव लागल्यावरही ग्रीन कार्डाची रांग आहेच. एका देशाला साधारण सात टक्के ही मर्यादा असल्यामुळे नोकरीच्या आधारावर अर्ज केलेल्या भारतीयांची दहा-बारा वर्षांपूर्वीच्या तारखांची कामं आज चाललीयत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचा आकार जाहीर झाला. तिथेच राहून विद्यार्थी व्हिसावरून बदल करणाऱ्यांना तो लागू नाही असा खुलासा महिनाभराने आला. त्या महिनाभरात नाशिकमध्ये किती घरांतली झोप उडाली असेल ते मी पाहिलंय.

ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो, ती तक्त्यात हवीच होती. भारताशी झालेल्या करारामुळे आपल्या मास्टर्सवाल्यांना तीन वर्षांपर्यंत मुभा मिळते, पण जुलै २०२४ पासून त्यासाठी वयाची अट पन्नासवरून पस्तिसावर आणली आहे. संशोधन करणाऱ्यांना सूट आहे. चाकण-सातपूरला दहा-बारा वर्षं नोकरी करून मग जाण्याचा विचार करणाऱ्या इंजिनिअरांनी ‘३ वर्षे’ वाचून राजीनामा देऊ नये.

बागायतदारांबरोबर मी मग कागदावर हिशेब मांडला. कर्ज तीस लाख, व्याज अकरा टक्के. अभ्यासक्रमाचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतंच असतं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं तर सहा लाख साठ हजार. छत्तीस लाख साठ हजारांवर पंधरा वर्षांचा हप्ता बसतो साधारण साडेएकेचाळीस हजार. हप्ता सुरू होतो तेव्हा इंग्लंडच्या दीड वर्षातलं साधारण निम्मं संपलेलं असतं. हा हप्ता पौंडांत सहज फिटतो. नाशिकच्या पहिल्या पगारात फिटत नाही. कर्जाची मुदत पंधरा वर्षं आणि मुभेची दीड, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, “बाग लावताना आम्ही पाणी किती वर्षं पुरेल ते आधी बघतो. हे कुणी सांगितलंच नाही.”

मी त्यांना अमुक देशात पाठवा असं सांगितलं नाही. मुलीला कशात रस आहे, ती भाषा शिकायला तयार आहे का, परत आली तर इथे त्या विषयात काम आहे का, हे मला कसं ठरवता येणार? मुलगी आली होती, पण पूर्ण वेळ फोनवर काहीतरी पाहत होती. मला वाटलं, कंटाळली. जाताना कळलं, ती व्हिसाचे नियम त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर तपासत होती आणि माझा एक आकडा तिने तिथल्या तिथे दुरुस्त केला.

आपल्याला विनंती अशी. पुढचा तक्ता छापाल तेव्हा ‘ही वर्षे कायम वास्तव्यात धरतात का’ असा रकाना घाला, आणि प्रत्येक आकड्याखाली तो नियम कोणत्या तारखेपासूनचा ते बारीक अक्षरात द्या. तक्त्याच्याच पानावर ‘पीआरची खात्री’ अशी चौकोनी जाहिरात होती. ती घ्यायची की नाही हा आपला प्रश्न, पण निदान ती तक्त्याला चिकटून तरी नसावी. आणि इंग्लंडची दुरुस्ती कृपया लगेच छापा. प्रवेशाच्या ऑफर आल्यात, लोक आत्ता अनामत भरतायत.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, नाशिक
(कर्जदारांच्या घरच्या गोष्टी लिहिल्यात, म्हणून माझं नाव छापू नये.)