ज्या रायफलला परवानाच लागत नाही, तिचा परवाना आम्ही आणायचा कुठून?

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: नेमबाज खेळाडूंच्या रायफली-पिस्तुलं विमानतळावर अडवली जाण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातली एक प्राथमिक शिक्षिका. माझी मुलगी 10 मीटर एअर रायफल खेळते. गेल्या आठवड्यात ती पात्रता स्पर्धेसाठी परराज्यात पोचली, पण तिची रायफल पोचली नाही. विमान कंपनीने काउंटरवर ती आमच्याकडून ताब्यात घेतली, टॅग लावला, आमच्या हातात बोर्डिंग पास दिले आणि आम्ही विमानात बसल्यावर रायफल परस्पर खाली उतरवून ठेवली. आम्हाला एका शब्दाने कळवलं नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

आम्ही काही अडाण्यासारखे बंदूक घेऊन विमानतळावर गेलो नव्हतो. तिकीट काढलं त्याच दिवशी कंपनीला मेल केला होता. रायफलचा नंबर, बिल, मुलीचं रायफल असोसिएशनचं ओळखपत्र, स्पर्धेचं पत्र, सगळं जोडलं होतं. कंपनीचं लेखी उत्तर आलं की चेक-इन बॅगेजमध्ये रायफल नेता येईल, लवकर या आणि रायफलचा हवेचा सिलिंडर रिकामा ठेवा. आम्ही लवकर गेलो. सिलिंडर काढून, हवा सोडून, वेगळा ठेवला होता. पहिल्या विमानतळावर काउंटरवरच्या ताईंनी कागद पाहिले, फॉर्म भरून घेतला, सुरक्षा कर्मचाऱ्याने पेटी तपासली आणि सगळं सुरळीत झालं. पुढचं विमान दुसऱ्या शहरातून होतं, तिकीट वेगळं, त्यामुळे सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचं होतं. कंपनी तीच, रायफल तीच, कागद तेच. तिथे मात्र काउंटरवरच्या माणसाचा पहिला प्रश्न आला, "आर्म्स लायसन्स कुठंय?"

मी सांगितलं, साहेब, ही एअर रायफल आहे. 4.5 मिलिमीटरची. हिला परवाना लागत नाही. तो म्हणाला, गन आहे म्हणजे लायसन्स पाहिजे. मी त्याच्याच कंपनीचा मेल मोबाइलवर दाखवला. तो म्हणाला, हा मेल आमच्या स्टेशनला आलेला नाही. मग वरिष्ठांना बोलावलं. ते आले, त्यांनी पेटी उघडायला लावली आणि भर रांगेत, शे-दीडशे लोकांसमोर, रायफल बाहेर काढली. काढली ती डायॉप्टरला धरून. महोदय, डायॉप्टर म्हणजे रायफलच्या मागच्या बाजूची बारीक भोकाची साइट. ती एका क्लिकने हलवताना आमची मुलं श्वास रोखून धरतात. 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेन्सिलीचं टोक टेकवलं तर झाकला जाईल एवढा. त्या ठिपक्यासाठी बसवलेली साइट त्या गृहस्थांनी मूठ म्हणून वापरली. मुलगी "सर प्लीज, तिथे धरू नका" म्हणाली, तर तिलाच दरडावलं, "मागे उभी राहा." मागच्या रांगेतला एक माणूस मोबाइलवर तिचं शूटिंग करत होता. सतरा वर्षांची मुलगी आहे ती. तिचा चेहरा कसा झाला होता ते मी आई म्हणून पाहिलं आहे आणि ते मी विसरणार नाही.

शेवटी "ठीक आहे, पाठवतो" म्हणाले आणि टॅग लावला. उतरल्यावर आम्ही वाट बघतोय, सगळ्यांच्या बॅगा गेल्या, बेल्ट थांबला. मग कळलं की रायफल मागेच राहिली, "सुरक्षेच्या कारणास्तव". ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मुलीची डिटेल, म्हणजे नेमबाजीची पाळी, सकाळी होती. प्रशिक्षकांनी धावपळ करून दुसऱ्या मुलीची रायफल मिळवून दिली. नेमबाजी न खेळणाऱ्याला वाटेल, रायफल ती रायफल. पण खांद्याला टेकणारी बट प्लेट, गालाला टेकणारा चीकपीस, हाताची ग्रिप, ट्रिगरचं वजन हे सगळं त्या त्या मुलाच्या शरीरावर महिनोन् महिने बसवलेलं असतं. आमच्या मुलीने 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे होते आणि त्यातला पहिला वेळ तिचा गाल कुठे टेकवायचा हे शोधण्यातच गेला. ती पात्र ठरली नाही. तिचं अख्खं वर्ष गेलं.

आता कायद्याचं बोलू, कारण काउंटरवर आम्हाला कायदा शिकवला गेला. शस्त्र नियम 2016 प्रमाणे .177 पर्यंतच्या बोअरच्या, म्हणजे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या, आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेची 10 मीटर रायफल त्या मर्यादेच्या निम्म्यावरही पोचत नाही. म्हणजे सरकार म्हणतं परवाना नको आणि सरकारने उड्डाणाची परवानगी दिलेली कंपनी म्हणते परवाना दाखवा. मग "परवाना लागत नाही" असा दाखला आणा म्हणतात. असा दाखला देतो कोण? पोलीस ठाण्यात गेलं की ते म्हणतात, लागतच नाही तर आम्ही लिहून काय देऊ? जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र शाखेत गेलं की तेच उत्तर. ज्याची गरज नाही त्याचा पुरावा मागत नागरिकाला दारोदार फिरवायचं, याला कारभार म्हणतात का?

आमच्या रेंजवरची .22 ची, म्हणजे काडतुसाची रायफल खेळणारी मुलं तर परवानाधारक आहेत. त्यांचे हाल आमच्याहून वाईट. एका काउंटरवर सांगतात, 50 राउंडच, म्हणजे 50 काडतुसंच न्या. महोदय, 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये मोजले जाणारे शॉटच 60 आहेत, वर साइटर, म्हणजे सुरुवातीला नेम जुळवायचे बार वेगळे, सराव वेगळा. काडतुसं तिथे जाऊन विकत घ्या म्हणावं, तर प्रत्येक नळीला ठरावीक लॉटचंच काडतूस बसतं, ते तपासून ठेवलेलं असतं. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचे नियम विमान कंपनीच्या संमतीने एका प्रवाशाला 5 किलोपर्यंत काडतुसं चेक-इनमध्ये नेऊ देतात. .22 चं काडतूस साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे हजाराच्या वर काडतुसं त्यात बसतील. मग हे 50 कुठून आलं? ट्रॅप, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायचा प्रकार खेळणाऱ्यांना तर 5 किलोही पुरत नाहीत. पात्रता फेरीत अशा 125 चकत्या असतात, त्यांना कबुतरं म्हणतात, एकेका कबुतरावर दोन बार टाकता येतात आणि 12 बोअरचं एक काडतूस 35-40 ग्रॅमचं. हिशेब शाळेतल्या पाचवीच्या पोरानेही केला असता. तो आजवर कुणी अधिकाऱ्याने केलेला दिसत नाही.

सुरक्षा नको असं माझं म्हणणं नाही, हे स्पष्ट लिहिते. 1985 साली कनिष्क विमान सामानातल्या बॉम्बने पडलं आणि 329 माणसं गेली. त्यानंतरच 1987 मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरो हा स्वतंत्र विभाग झाला. 1999 चं कंदाहार आमच्या पिढीने टीव्हीवर पाहिलं आहे. विमानात शस्त्र जाताना दहा वेळा तपासा. रिकामं आहे का बघा, नंबर जुळवा, काडतुसं वेगळी आहेत का बघा, पेटीला कुलूप लावून घ्या. आमची मुलं पहिल्या दिवसापासून हीच शिस्त शिकतात, नळी रेंजच्या बाहेर वळली तरी प्रशिक्षक घरी पाठवतो. पण त्या दिवशी काउंटरवर जे झालं त्यात सुरक्षा कुठे होती? रायफल धोकादायक होती तर पहिल्या विमानात कशी गेली? धोकादायक नव्हती तर दुसऱ्या विमानातून का उतरवली? आणि भर गर्दीत पेटी उघडून रायफल सगळ्यांना दाखवणं ही कुठल्या पुस्तकातली सुरक्षा?

अमेरिकेत घराघरात बंदुका आहेत, तो देश मला आदर्श वाटत नाही. पण तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याचा नियम कुणालाही वाचता येतो: शस्त्र रिकामं, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, फक्त चेक-इन बॅगेजमध्ये, काउंटरवर स्वतःहून जाहीर करायचं आणि किल्ली प्रवाशाकडेच राहणार. प्रवाशालाही तो माहीत, कर्मचाऱ्यालाही तोच माहीत. आपल्याकडे परिपत्रकं निघतात, ती कुठल्या कपाटात असतात ते कंपनीला ठाऊक आणि काउंटरवरचा माणूस आपल्या मनाला येईल ते सांगतो.

हे आपल्या खात्याला आज कळतंय असंही नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये मनू भाकरला दिल्ली विमानतळावर भोपाळच्या विमानात चढताना तिच्या पिस्तुलांवरून अडवलं होतं. तिने तिथूनच ट्विट केलं, तत्कालीन क्रीडामंत्र्यांनी लक्ष घातलं, मग ती गेली. त्याच मुलीने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन पदकं आणली. तिच्यासाठी मंत्री धावले, चांगलं झालं. पण त्या दिवशी नियम सुधारला असता तर माझ्या मुलीवर ही वेळ आली नसती. माझ्या मुलीच्या ट्विटवर कोण मंत्री धावणार? तिला ओळखतं कोण?

आमच्यासारख्यांच्या घरात ही रायफल कशी येते, हे दिल्लीत कुणाला ठाऊक नसावं. तीन लाखांच्या घरात किंमत. पतसंस्थेचं कर्ज, माझ्या भविष्य निर्वाह निधीतून उचललेले पैसे, आणि माझ्या आईने तिच्या पाटल्या मोडल्या ते वेगळंच. छर्रे, जॅकेट, बूट, रेंजची फी, प्रशिक्षकाची फी हा दर महिन्याचा खर्च. चेक-इनचं वजन 15 किलो. रायफल, तिची पेटी आणि ते कडक जॅकेट धरलं की मुलीच्या कपड्यांसाठी काही उरत नाही, म्हणून जादा वजनाचे पैसे भरायचे, त्यावर शस्त्र हाताळणीचे वेगळे. आणि रायफलचं काही बरंवाईट झालं तर देशांतर्गत प्रवासात कंपनीची जबाबदारी 20,000 रुपयांपुरती. परत आल्यावर डायॉप्टर ढिला झाल्याचं दिसलं. दुरुस्ती आमच्या खिशातून. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आता पुरे, मुलीला अभ्यासाला बसव. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण रात्री मुलगी रायफलची पेटी न उघडताच झोपते, हे बघून माझा धीर सुटत चालला आहे.

तक्रार केली. कंपनी म्हणते, सुरक्षा यंत्रणेचे निर्देश होते. विमानतळवाले म्हणतात, बॅगेज ही कंपनीची बाब. तक्रार पोर्टलवर नंबर मिळाला आणि कंपनीचं "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे वाक्य चिकटवून तक्रार बंद करण्यात आली. कुणी बंद केली? कुणाला विचारून? वर्ष माझ्या मुलीचं गेलं आणि तिला तक्रार बंद झाल्याचा साधा फोनही नाही.

खरं सांगायचं तर हे फक्त विमानतळाचं नाही. या देशात खेळाडूला पदकाच्या आधी कुणी विचारत नाही. 1952 साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, हे आमच्या कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगेल. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. ते आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये मिळवलं, तेही रायफलवर. तेव्हा मिरवणूक निघाली, फलक लागले, बक्षिसं जाहीर झाली. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजही याच मातीतल्या. या सगळ्यांनी किती काउंटरवर मान खाली घालून उभं राहून रायफली-पिस्तुलं नेली असतील, हे एकाही सत्काराच्या भाषणात मी ऐकलं नाही. राष्ट्रीय रायफल असोसिएशनची स्थापना 1951 मध्ये झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर होते. म्हणजे संसदेच्या डोळ्यांसमोर वाढलेला हा खेळ आहे. आणि आज त्या खेळातल्या मुलीकडे गुन्हेगार असल्यासारखं बघायचं?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. क्रीडा-शस्त्रांसाठी सगळ्या कंपन्यांना आणि सगळ्या विमानतळांना लागू असलेला एकच नियम मराठी, हिंदी, इंग्रजीत काढा आणि तो प्रत्येक चेक-इन काउंटरवर लावा. त्यात एअर रायफल आणि एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही हे ठळक लिहा. काडतुसांची मर्यादा खेळाच्या प्रकाराप्रमाणे ठरवा आणि ती ठरवताना नेमबाजांना बोलवा. कंपनीने लेखी परवानगी दिली असेल तर ती तिच्या प्रत्येक काउंटरवर बंधनकारक करा. पेटी उघडायची ती बंद खोलीत, खेळाडूच्या हातानेच. रायफल उतरवायची वेळ आलीच, तर विमानाचं दार बंद होण्याआधी प्रवाशाला सांगा, म्हणजे रायफलसोबत थांबायचं की पुढे जायचं हे तो ठरवेल. आणि रायफल ताब्यात घेतल्यापासून परत हातात देईपर्यंतची जबाबदारी तिच्या खऱ्या किमतीएवढी धरा.

मुलीचं टॅग, बोर्डिंग पास, कंपनीचा परवानगीचा मेल आणि रायफल उशिरा मिळाल्याची पावती यांच्या प्रती आपल्या कार्यालयाला स्वतंत्रपणे पाठवल्या आहेत. मला दिलगिरीचं पत्र नको आहे. त्या दिवशी रायफल उतरवण्याचा आदेश कुणी दिला, कुठल्या नियमाखाली दिला, त्या नियमाचा क्रमांक आणि तारीख, एवढं लेखी हवं आहे.

आपली,
एका नेमबाज मुलीची आई
जि. कोल्हापूर