दत्तक शिबिरासाठी येणाऱ्या सदस्यांना सूचना

सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत आपल्या निवाऱ्याच्या आवारात कुत्र्या-मांजरांचे दत्तक शिबिर भरणार असून, मदतीस येणाऱ्यांनी शनिवारी सायंकाळपर्यंत आपले नाव नोंदवावे.

पिल्लांच्या खोलीत जाताना पायातले बाहेर काढून तेथे ठेवलेल्या रबरी चपला घालाव्यात, कारण पार्वो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो, बुटाच्या तळाला चिकटून आत येतो आणि लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लाचा बळी घेऊ शकतो. ज्यांच्या घरी कुत्रे आजारी आहे, त्यांनी या वेळी नोंदणीच्या टेबलावर बसावे. तेथेही माणसे कमीच पडतात.

आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू आईपासून तोडून कोणालाही देऊ नये, मग ओळखीचे कितीही गळ घालोत. रेबीजची पहिली लस साधारणपणे तीन महिन्यांचे झाल्यावर देतात, त्यामुळे त्याहून लहान पिल्लू नेणाऱ्यांना पुढील तारीख कार्डावर लिहून द्यावी. अर्ज भरून घेताना घरातील सर्वांची संमती आहे का, हे आवर्जून विचारावे. मागील शिबिरात दिलेली एक करडी मांजर चौथ्या दिवशी त्याच पिशवीतून परत आली, कारण आजींना कोणी विचारलेच नव्हते.

चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, समन्वयकांना लगेच सांगावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.