काका, तुमची फूटपट्टी माझ्याकडेच राहिली

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

१ तारखेला कामावर रुजू झाले. सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, लॅबमध्ये. आईने पेढे आधी सिद्धेश्वराला ठेवले आणि तिथून थेट तुमच्याकडे गेली, तर दाराला कुलूप. तुम्ही पुण्याला मुलाकडे गेलात हे तेव्हा कळलं. फोनवर मी आभाराचं काढलं की तुम्ही ‘जेवलीस का’ विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते. नाव घालू नकोस म्हणालात, घालत नाही.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आले ते फक्त ‘जरा नजर टाका’ एवढं म्हणायला. दुसऱ्या दिवशी अर्ज पाठवायचा होता. त्याआधी सहा ठिकाणी पाठवून झाले होते आणि एकाही ठिकाणाहून फोन नव्हता. आमच्या घरात बोलणं तेलुगू, शाळा मराठी आणि बायोडेटा इंग्रजी, त्यामुळे माझं इंग्रजीच कच्चं असणार, अशी मी मनाची समजूत घातली होती. मी मोबाइल पुढे केला. तुम्ही तो हातातही घेतला नाही. ‘प्रिंट आण. प्रूफ कागदावरच वाचायचं.’ कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट आणली तोवर तुम्ही टेबल मोकळं करून लाल पेन, फूटपट्टी आणि चष्मा मांडून ठेवला होता. निघताना दहावीचं सर्टिफिकेट, मार्कलिस्ट आणि आधीच्या डाइंग हाऊसचं अनुभवपत्रही घेऊन यायला सांगितलं होतंत. ते कशाला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

पेठेतल्या छापखान्यात तुम्ही खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे तिथेच मुद्रितशोधन केलंत, हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण ते काम नेमकं काय असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. तुम्ही म्हणालात, लग्नपत्रिका हातात आली की आधी आकडे बघायचे. तारीख, वार, तिथी एकमेकांशी जुळतात का ते बघायचं, मजकूर नंतर. मग मला म्हणालात, ‘कागदावरचा नंबर बघून फोन लाव. पाठ आहे तो नको, कागदावरचा.’

मी लावला. पलीकडून एक गृहस्थ कानडीत बोलायला लागले.

दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. सहाही अर्ज त्याच नंबराने गेले होते. त्यातल्या कुणी मला फोन केला होता का, हे आता कधीच कळणार नाही. मला रडू आलं. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे सरकवलात आणि फूटपट्टी पुढच्या ओळीखाली धरलीत.

त्यानंतरचं मी कधीच विसरणार नाही. तुम्ही मला अनुभवपत्र मोठ्याने वाचायला लावलंत आणि स्वतः बायोडेट्यावर बोट ठेवून ऐकत राहिलात. छापखान्यात असंच चालायचं म्हणे, एकाने मूळ प्रत वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफ बघायचं. मी ‘जून २०२२’ वाचलं आणि तुमचं बोट थांबलं. बायोडेट्यात मी २०२१ लिहिलं होतं. ती चूक नव्हती काका, मी मुद्दाम लिहिलं होतं. बीएस्सी झाली त्या वर्षी वडिलांचा यंत्रमाग बंद पडला, ते आजारी पडले आणि मी वर्षभर घरीच होते. रिकामं वर्ष दिसू नये म्हणून ते झाकलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, ‘त्या वर्षात काय केलंस?’ गल्लीतल्या आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवत होते, असं सांगितलं. ‘मग तेच लिही की.’ आणि समासात काकपद, म्हणजे राहिलेला मजकूर घालायची खूण, काढून जागा करून दिलीत. माझ्या आयुष्यातलं जे वर्ष मी लपवत होते, त्याला तुम्ही एक ओळ दिलीत.

मग मी अनुभवपत्राचा मथळा एकेक अक्षर करून वाचला. तुम्ही म्हणालात, ‘डाइंगचं स्पेलिंग तुझ्या कागदावर वेगळं आहे.’ माझ्या कागदावर मधला ई नव्हता. तुम्ही डिक्शनरी काढायला लावलीत. ई असला तर रंगवणे, नसला तर मरणे. दोन वर्षं रंगाच्या खात्यात काम केलेल्या मुलीने चार ठिकाणी मरणाचं खातं लिहिलं होतं. कॉम्प्युटरने त्याखाली लाल रेघ ओढली नव्हती, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. नंतर तुम्ही तो कागद शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत उलटा वाचलात. सरळ वाचलं की डोळा अर्थाच्या मागे पळतो आणि अक्षरं निसटतात, असं म्हणालात.

बाकीचं भराभर झालं. विद्यापीठाचं नाव २०१९ मध्ये बदललं, पण मी पहिल्या वर्षाच्या मार्कलिस्टवरचं जुनंच लिहिलं होतं. पदवीवर आहे तसं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असं पूर्ण लिहायला लावलंत. उद्दिष्टाचा परिच्छेद मामेभावाच्या बायोडेट्यातून उचललेला होता आणि त्यात त्याचा ‘मेकॅनिकल’ शब्द तसाच राहिला होता. तो परिच्छेद तुम्ही आख्खाच काढलात.

पण काका, मला वाटतं तुमचं खरं काम एका प्रश्नात होतं. मी लिहिलं होतं, ‘लॅबमध्ये काम केले.’ तुम्ही विचारलंत, ‘म्हणजे सकाळी गेल्यावर हाताने काय करायचीस?’ मी सांगत गेले. शेड मॅच करायची, लॅब डिप म्हणजे रंगाचे छोटे नमुने काढायचे, लॉटमधला तुकडा धुऊन ग्रे स्केलवर, म्हणजे करड्या छटांच्या पट्टीवर, रंगाचा पक्केपणा बघायचा, १ म्हणजे सगळ्यात कच्चा, ५ म्हणजे सगळ्यात पक्का. ‘आणि ४-५ म्हणजे?’ मी म्हटलं, चार आणि पाचच्या मधला. ‘हे सगळं कुठंय कागदावर?’ कागदावर यातलं काहीच नव्हतं. व्याकरण तपासायला आलेल्या मुलीकडून तुम्ही तिचं काम वदवून घेतलंत, आणि रात्री साडेदहाला काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट पुढे ठेवलं तेव्हा आपण शेवटची ओळ लिहीत होतो.

मुलाखतीत साहेबांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं. लॉटचा पक्केपणा ३ आला तर काय करशील? मी म्हटलं, रिॲक्टिव्ह रंग असेल तर कापसाला न बसलेला रंग आत राहिलेला असतो, आधी गरम पाण्यात पुन्हा सोपिंग, म्हणजे साबणाची धुलाई, करून तुकडा परत तपासेन. ते मान हलवत पुढचं विचारायला लागले. दहा मिनिटं फक्त कामाचं बोलणं चाललं आणि माझं इंग्रजी कच्चं आहे हे मी विसरूनच गेले.

आणखी एक सांगायचं राहिलं. नेमणूक पत्र हातात आलं तेव्हा सही करायच्या आधी मी दहावीचं सर्टिफिकेट शेजारी ठेवून ते वाचलं. वडिलांच्या नावात एक अक्षर कमी होतं. पुढे पीएफला आधारशी नाव जुळलं नाही की किती हेलपाटे होतात, ते मी आधीच्या ठिकाणी बायकांचे पाहिले आहेत. ऑफिसात सांगितलं, त्यांनी त्याच दिवशी दुसरं पत्र काढून दिलं.

त्या रात्री तुमची फूटपट्टी माझ्या फाइलमध्ये आली, ती अजून माझ्याकडेच आहे. गेल्या रविवारी विडी घरकुल वसाहतीतल्या दोन मुली बायोडेटा घेऊन आल्या होत्या. एकीला आधी तिचाच नंबर लावायला सांगितला. बरोबर निघाला. दुसरीचं अजून अर्धं व्हायचं आहे, तेव्हा फूटपट्टी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत राहू द्या. यात्रेला याल ना? काकूंना नमस्कार.

तुमची,
गल्लीतली लेक