डॉर्सेटच्या किनाऱ्यावर भेटलेल्या अनोळखी जाणकारांचे आभार

इंग्लंडमधील डॉर्सेटच्या किनाऱ्यावर गेल्या रविवारी मी पहिल्यांदाच मेटल डिटेक्टर, म्हणजे वाळूखालचा धातू शोधून वाजणारे यंत्र, घेऊन उतरले, तेव्हा आपणहून मदतीला आलेल्या वयस्कर दांपत्याचे आणि त्यांच्यासोबतच्या तरुणाचे जाहीर आभार मानण्यासाठी हे लिहीत आहे.

ओल्या वाळूवर माझे यंत्र सारखे वाजत होते. खारे पाणी वीजवाहक असल्यामुळे साधे यंत्र त्यालाही प्रतिसाद देते, हे आजोबांनी समजावले, यंत्राची संवेदनशीलता कमी करून दिली आणि त्याच्या टोकाची चकती वाळूला समांतर, आधी फिरवलेल्या पट्ट्यावर थोडी चढवत, सावकाश कशी फिरवायची ते स्वतः करून दाखवले. आजींनी मला कोरड्या वाळूकडे नेले, कारण लोक टॉवेल अंथरून बसतात तिथेच खिशातली नाणी पडतात. बाटल्यांच्या झाकणांनंतर तिथे २ पेन्सचे एक नाणे निघाले. त्याच्या कडेला चढलेला हिरवट थर पाहताना त्यांनाही माझ्याइतकाच आनंद झाला होता.

खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा, गंजलेले खिळे आणि मासेमारीचे गळ सोबत परत न्यायचे, हे त्या तरुणाने आग्रहाने सांगितले, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. खजिना ठरू शकेल अशी वस्तू सापडल्यास १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार १४ दिवसांत कळवावे लागते, हेही त्यानेच सांगितले.

ओहोटीचा मोजका वेळ आपण तिघांनी माझ्यासाठी दिलात, याबद्दल मी आपली मनःपूर्वक ऋणी आहे.