तासांचा तक्ता लिहून देणाऱ्या भाऊसाहेबांस

आदरणीय भाऊसाहेब यांस,
शि. सा. न. वि. वि.

जर्मनीत माझ्या पदविकेला मान्यता मिळाली आणि नेकार नदीकाठच्या एका शहरातील रुग्णालयात आता मी ‘प्फ्लेगेफाखफ्राउ’, म्हणजे पूर्ण पात्रतेची परिचारिका, म्हणून काम करते, हे मी आपल्याला फोनवर कळवले होतेच. त्या वेळी आभाराचे दोन शब्द बोलायला लागले तर आपण “बरं झालं, थंडी फार आहे म्हणतात तिकडं, तब्येतीला जप” असे म्हणून विषय संपवलात. समोरासमोर किंवा फोनवर आपण आभार मानू देणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. आणि ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की आपण आमच्या नर्सिंग शाळेचे लिपिक म्हणून जे केले ते कार्यालयातले काम होते आणि तसल्या कामाबद्दल कुणी कुठे लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

परदेशी जाणाऱ्या परिचारिकेबद्दल बोलताना लोक भाषेबद्दल विचारतात, पगाराबद्दल विचारतात, बर्फाबद्दल विचारतात. भाषा अवघड आहेच; बी-टू, म्हणजे स्वतंत्रपणे बोलता-लिहिता येण्याच्या, पातळीशिवाय येथे व्यवसायाची परवानगी मिळत नाही आणि ती पातळी गाठताना भल्याभल्या मुली रडकुंडीला येतात. परंतु भाषा आपल्या हातात असते, अभ्यास केला की ती येते. शिकून झालेल्या वर्षांचा पुरावा मात्र आपल्या हातात नसतो. तो शाळेच्या कपाटात असतो, आणि त्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्या मर्जीवर पुढचे बरेच काही ठरते.

जर्मनीत २०२० पासून परिचर्येचे शिक्षण नव्या कायद्याप्रमाणे चालते. तीन वर्षांत किमान २१०० तास वर्गात आणि २५०० तास प्रत्यक्ष काम, असे ४६०० तास तेथील विद्यार्थ्याला पूर्ण करावे लागतात. प्रत्यक्ष कामाचीही वाटणी ठरलेली आहे: रुग्णालयात, वृद्धांच्या निवासी केंद्रात आणि रुग्णाच्या घरी जाऊन करायच्या सेवेत प्रत्येकी ४०० तास, त्याखेरीज बालरुग्ण, मनोरुग्ण आणि इतर विभाग. बाहेरून आलेल्या परिचारिकेचा अर्ज पाहताना अधिकारी याच मापाने मोजतात. आपल्याकडे जी.एन.एम. ही परिचर्येची पदविका झाली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली, गुणपत्रिकेवर प्रथम श्रेणी आहे, एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. कोणत्या विषयाचे वर्गात किती तास झाले, कोणत्या विभागात किती तास ड्यूटी केली, हे त्यांना शाळेच्या सही-शिक्क्यानिशी हवे असते. जे कागदावर नाही, ते झालेच नाही असे धरून चालतात, आणि जेवढी तूट निघेल तेवढी भरून काढण्यासाठी अनुकूलन प्रशिक्षण किंवा ज्ञानचाचणी पुढ्यात येते. तोवर पगार आणि काम दोन्ही मदतनीसाचे.

हे सगळे मी आपल्या टेबलापुढे उभी राहून सांगितले तेव्हा आपण शांतपणे ऐकून घेतलेत आणि एवढेच विचारलेत, “इंटर्नशिपचे तास वेगळे दाखवायचे की विभागात मिळवायचे?” ज्या प्रश्नावर पुढे जर्मन अधिकाऱ्यांशीही पत्रव्यवहार झाला, तो आपण सोलापूर जिल्ह्यातल्या एका कार्यालयात बसून पहिल्याच दिवशी विचारला होता.

त्यानंतर आपण जे केलेत ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. मागच्या खोलीतले लोखंडी कपाट उघडून, लाल कापडात बांधलेले गठ्ठे खाली काढून, आमच्या बॅचचे ड्यूटी रोस्टर आणि हजेरीचे मस्टर आपण शेजारी-शेजारी ठेवलेत. रोस्टरमध्ये नाव आहे पण मस्टरमध्ये सही नाही, असा दिवस आला की पट्टी त्या ओळीवर ठेवून आपण बाजूला पेन्सिलीने खूण करत होता आणि ती रजा पुढे भरून काढली आहे का, हे पाहिल्याशिवाय पान उलटत नव्हता. विषयांची नावेही आपण एम.एस.एन., सी.एच.एन. अशी आद्याक्षरांत न ठेवता पूर्ण टंकलिखित केलीत, कारण अनुवाद करणारा माणूस नर्सिंगचा नसेल आणि तेथे अडेल, असे आपले म्हणणे होते. पुण्यातील शपथबद्ध अनुवादकांनी पुढे मला मुद्दाम विचारले की हा तक्ता कुणी केला, कारण त्यांना एकही शंका विचारावी लागली नाही.

नावाचा गुंता तर आपणच आधी ओळखलात. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मधे, पदविकेवर आडनाव आधी, लग्नानंतर राजपत्रात बदललेले नाव आणि पासपोर्टवर तेच नाव इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकाने: आपल्याकडे यात कुणाला वावगे वाटत नाही, पण परक्या देशातल्या टेबलावर या चार वेगळ्या बायका ठरतात. “आधी पासपोर्ट दाखव, बाकीचे नंतर” असे म्हणून आपण या सर्व नावांची व्यक्ती एकच आहे असा दाखला तयार केलात, प्राचार्यांची सही घेतलीत, जावक क्रमांक टाकलात आणि प्रत्येक पानावर गोल शिक्का मारलात. मला त्या वेळी हे अती वाटले होते.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हे पत्र अपुरे राहील. त्या काळात मी ज्या एजन्सीमार्फत जाण्याचा विचार करत होते, तिच्या माणसाने तासांचा तयार तक्ता शाळेकडे पाठवला होता. त्यात वृद्धसेवेचे कित्येकशे तास छापलेले होते. शाळेने फक्त लेटरहेडवर घेऊन सही करायची होती. तो कागद आपण वाचलात, घडी घातलीत आणि म्हणालात, “आपल्याकडे वृद्धसेवेचं वेगळं पोस्टिंग कधी झालंच नाही, तर मी कुठून आणू? रजिस्टरात आहे तेवढं सगळं देईन, त्यातलं एक मिनिट सोडणार नाही. पण जास्तीचं एक मिनिटही लिहिणार नाही.” त्याच माणसाने मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवायला मागितली तेव्हाही आपण मला बजावलेत की मूळ कागद दाखवायचा आणि परत पिशवीत ठेवायचा, कुणाच्या ताब्यात द्यायचा नाही. त्या एजन्सीचा नाद मी तेथेच सोडला. पुढे कळले की योग्य रीतीने भरती करणारी जर्मन रुग्णालये भरतीचा खर्च स्वतः उचलतात आणि परिचारिकेकडून मध्यस्थाने पैसे घेणे तेथे गैर मानले जाते. आपल्या मुली मात्र अजूनही लाखांनी पैसे भरतात, आणि ‘मोठ्या कामाला मोठा खर्च’ म्हणून घरचेही दागिने गहाण टाकतात, याची मला चीड येते.

“त्यातलं एक मिनिट सोडणार नाही” हे आपले म्हणणे शब्दशः खरे होते, याचा प्रत्यय श्टुटगार्टच्या रेगियरुंग्सप्रेझिडियुमचे पत्र आले तेव्हा आला. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातले असे अर्ज हेच कार्यालय तपासते. त्यांच्या ‘डेफिझिटबेशाइड’मध्ये, म्हणजे तफावतीच्या आदेशात, माझी तूट मुख्यतः वृद्धांच्या दीर्घकालीन सेवेत निघाली, ती निघायलाच हवी होती. घरी जाऊन करायच्या सेवेचे तास मात्र बहुतांशी धरले गेले, कारण बार्शी तालुक्यातील आमचे कम्युनिटी पोस्टिंग आपण ‘सामुदायिक आरोग्य’ या एका ओळीत न गुंडाळता उपकेंद्रातले तास वेगळे आणि घरभेटींचे तास वेगळे दाखवले होते, आणि घरभेटीत काय काय केले तेही खाली लिहिले होते: मधुमेही रुग्णाच्या पायाचे ड्रेसिंग, रक्तदाब, बाळंतिणीची तपासणी, खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्यांची पाठ पाहणे. ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचे, त्यावर कम्युनिटी बॅग ठेवायची, सगळ्यांत आधी साबण-टॉवेल काढून हात धुवायचे आणि मगच बाकीचे साहित्य बाहेर काढायचे, हे तेव्हा आम्हाला परीक्षेपुरते वाटत असे. त्या दुपारच्या उन्हातल्या भेटी आपल्या तक्त्यातून जर्मन सरकारच्या हिशेबात जमा झाल्या.

माझ्याबरोबर रुजू झालेल्या दुसऱ्या राज्यातील एका मैत्रिणीची गोष्ट सांगितल्याशिवाय याचे मोल कळणार नाही. ती माझ्यापेक्षा हुशार, अतिदक्षता विभागात काम केलेली. तिच्या शाळेने मात्र ‘अभ्यासक्रम समाधानकारकरीत्या पूर्ण केला’ एवढ्या एका वाक्याचा दाखला दिला आणि जुने दप्तर सापडत नाही असे कळवले. तिच्या आदेशात जवळपास प्रत्येक विभागापुढे तूट लिहिली होती. तिने ज्ञानचाचणीचा मार्ग घेतला. तोंडी परीक्षा आणि वॉर्डात खऱ्या रुग्णांसमोर प्रात्यक्षिक, दोन्ही जर्मन भाषेत. ती उत्तीर्ण झाली, पण तोवर जे तिला पाच वर्षांपासून येत होते ते करायची तिला मुभा नव्हती. २०२४ पासून अशी तपशीलवार तुलना टाळून थेट चाचणी किंवा प्रशिक्षण मागण्याची सोय झाली आहे. ज्यांचे दप्तर हरवले त्यांना या सोयीचा आधारच आहे, परंतु ज्यांचे तास नीट लिहिलेले आहेत त्यांनी ते सोडून का द्यावेत?

आपण जे लिहायचे नाकारलेत ते मला पुढे प्रत्यक्ष शिकावे लागले, आणि त्याबद्दलही आपले आभारच मानते. वृद्धांच्या केंद्रात पाठवले तेव्हा पहिल्या सकाळी मी सवयीप्रमाणे भराभर एका आजींचे तोंड पुसायला घेतले. माझ्या मार्गदर्शक बाईंनी ओला रुमाल माझ्या हातातून घेऊन आजींच्या हातात दिला. चेहरा आणि छाती त्या स्वतः पुसणार, पाठ आणि पाय आपण. श्रवणयंत्र आधी लावायचे, म्हणजे पुढचे बोलणे त्यांना ऐकू येईल. पायांचे घट्ट मोजे त्या पलंगावरून उतरण्यापूर्वीच चढवायचे, नंतर चढवून उपयोग नाही. जे रुग्णाला जमते ते त्याच्याकडून काढून घ्यायचे नाही, हा येथल्या सेवेचा पाया आहे. आपल्याकडे अंघोळ घालणे, भरवणे हे नातेवाईक किंवा मावशी करतात आणि आम्ही सलाईन, इंजेक्शन, औषधे यांत बुडालेल्या असतो. येथे शिरेत सुई घालण्याचे काम बहुधा डॉक्टर करतात आणि अंघोळ परिचारिका घालते. आपल्याकडून आलेल्या कित्येक जणींना हे पदावनतीसारखे वाटते, सुरुवातीला मलाही वाटले. छापील तक्त्यातले ते खोटे तास मान्य झाले असते तर हे काम मला येते असे गृहीत धरून त्या आजी माझ्या हाती सोपवल्या गेल्या असत्या.

माझ्या वॉर्डात केरळच्या दोघी आहेत. केरळमधून जर्मनीला परिचारिका येऊ लागल्या त्या १९६०च्या दशकापासून, कॅथलिक संस्थांच्या मार्फत. आता २०२१ पासून केरळ शासनाची ‘नोर्का’ ही संस्था जर्मनीच्या ‘ट्रिपल विन’ या परदेशी परिचारिका भरतीच्या योजनेत आहे. कागद कोणते, कोणत्या क्रमाने, हे त्यांना घरातल्या आत्या-मावश्यांकडूनच कळते. महाराष्ट्र शासनानेही २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, जर्मन शिकवण्याचे बोलणे सुरू झाले, हे चांगलेच झाले. मात्र त्या सगळ्या चर्चेत नर्सिंग शाळांतील जुन्या दप्तराचा विषय मला कुठे दिसला नाही. गठ्ठे वाळवीपासून वाचवणे, तासांची नोंद विभागवार ठेवणे, मुलगी पाच-सात वर्षांनी परत आली तर तिला हाकलून न देणे, याला ना निधी लागतो ना समारंभ. बहुधा म्हणूनच ते कुणाला सुचत नसावे.

आपल्या तक्त्याचा नमुना मी शाळेचे आणि माझे नाव काढून काही जणींना पाठवला आहे. आपली परवानगी विचारली नाही, कारण आपण “त्यात काय एवढं” म्हणाला असता. आता एक विनंती. आपल्या शाळेच्या माझ्यानंतरच्या बॅचमधल्या दोघी बी-टूची परीक्षा देत आहेत आणि लवकरच कागदांसाठी येतील. आपण निवृत्त झाला आहात, आणि निवृत्त माणसाला पुन्हा कार्यालयात बोलावणे बरे दिसत नाही. तरी त्यांच्या वर्षांचे रोस्टर आणि मस्टर कोणत्या गठ्ठ्यांत आहेत, ते आपल्या जागी आलेल्या लिपिकांना एकदा समक्ष दाखवावे. इंटर्नशिपचे तास विभागवार मिळवून दाखवले तरी चालतात, फक्त खाली तशी टीप द्यावी लागते, हेही त्यांना सांगावे.

काकूंना नमस्कार सांगावा. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी