पानगळ शरदात नव्हे!

संपादक महोदय,
रविवारच्या शब्दकोड्यात 'पानगळीचा ऋतू, तीन अक्षरी' अशी सूचना होती. मी बिनधास्त 'शिशिर' लिहिले. पण शेवटच्या 'र'वरून 'दरवळ' हा उभा शब्द काही केल्या उतरेना. उत्तरांत पाहिले, तर 'शरद'! इंग्रजी 'ऑटम'चा शब्दकोशातला प्रतिशब्द इथे तसाच उचललेला दिसतो. आपला शरद आश्विन-कार्तिकातला, कोजागरीच्या चांदण्याचा. तेव्हा झाडे हिरवीगार असतात. पाने झडतात ती माघ-फाल्गुनात. गंमत म्हणजे त्याच कोड्यात 'मर्ढेकरांचा पहिला कवितासंग्रह, पाच अक्षरी' हेही विचारले होते. 'शिशिरागम' (1939) लिहिताना कोडेकारांना शंका आली नाही? खोडून खोडून माझा चौकोन फाटला, ते वेगळेच.

– एक कोडेप्रेमी वाचक, सातारा