लिफ्टर धरून ठेवल्याशिवाय कॅमला हात लावू नका

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी कॅमशाफ्ट (थोडक्यात कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) बदलण्यावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. इंजिनाच्या आतल्या कामावर मराठीत कुणी एवढं सविस्तर लिहितंय याचाच आधी आनंद झाला. पण त्यात एक वाक्य आहे, "पुशरॉड काढून घ्या आणि कॅमशाफ्ट हळूच पुढे ओढून काढा", आणि त्या दोन क्रियांच्या मध्ये जे करायचं असतं ते लेखात कुठेच नाहीये. लेख वाचून उद्या कुणीतरी स्पॅनर हातात घेणार, म्हणून हे पत्र.

पुशरॉडवाल्या इंजिनात कॅम ब्लॉकच्या पोटात असतो आणि लिफ्टर, म्हणजे गॅरेजमध्ये आपण ज्याला टॅपेट म्हणतो ते, त्याच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यांवर, टेकलेले असतात, आणि लिफ्टरवर उभे असलेले पुशरॉड ती हालचाल वर व्हॉल्व्हकडे पोचवतात. कॅम असेपर्यंत त्यांना खालून आधार असतो. तो आधारच तुम्ही ओढून काढणार, मग ते खाली येणारच ना? एक जरी घसरला तरी कॅमच्या बोगद्यात अडकतो नाहीतर सरळ खाली क्रँकशाफ्टकडे जातो, आणि मग अर्ध्या दिवसाच्या कामाचा आठवडा होतो.

जुन्या व्ही-८ इंजिनांत हा त्रास कमी असायचा, वरचं हवा आत नेणारं इनटेक मॅनिफोल्ड उतरवलं की लिफ्टर वरून दिसायचे, एकेक करून हाताने काढता यायचे. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सने एलएस१ हे इंजिन आणलं आणि तिथून पुढे मामला बदलला. त्या घराण्यातल्या इंजिनांत लिफ्टर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसतात, एका ट्रेत ४, असे ४ ट्रे, एकूण १६ लिफ्टर, आणि हे ट्रे हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, खाली दडलेले असल्यामुळे हेड उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही, वरचं व्हॅली कव्हर काढूनही नाही. लोक हेड न उतरवता कॅम बदलतात ते ट्रेच्या भरवशावर. पुशरॉड काढायचे, कॅम हाताने दोनतीन पूर्ण फेरे फिरवायचा, म्हणजे प्रत्येक लोब आपापल्या लिफ्टरला वर ढकलतो आणि ट्रे त्याला चिमटीत पकडून ठेवतो. ट्रे नवा असेल तर युक्ती झकास चालते. पण हजारो तास गरम तेलात शिजलेलं प्लास्टिक कडक होतं, पकड ढिली पडते, आणि कुठला ट्रे ढिला झालाय हे बाहेरून कळायला काही मार्ग नसतो.

म्हणून सळया लागतात. टायमिंग चेन आणि कॅमची प्लेट उतरली की ब्लॉकच्या तोंडाला कॅमच्या दोन्ही बाजूंना एकेक भोक दिसतं, त्यातून साधारण ५/१६ इंच, म्हणजे जवळपास ८ मिलिमीटर जाडीची लांब सळई मागपर्यंत सरकवायची, की त्या रांगेतल्या लिफ्टरना खालून टेकू मिळतो. यासाठी जे खास टूल मिळतं त्यात सळईची एक बाजू सपाट घासलेली असते, सपाट बाजू वर ठेवून आत सरकवायची आणि मग फिरवायची, की गोल बाजू लिफ्टरखाली येते आणि ते वर उचलून धरले जातात. एवढंच टूल आहे, दोन सळया! पण त्या दोन सळयांच्या जिवावर तुम्ही निवांतपणे कॅम ओढू शकता, आणि कॅम निवांतपणेच ओढायला पाहिजे, कारण आतल्या बेअरिंगचा थर मऊ असतो आणि लोबची कड लागली की ओरखडा पडतो. कॅमच्या तोंडाला स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) जिथे बसतं त्या भोकांत लांब बोल्ट फिरवून त्यांची मूठ करायची आणि कॅम सरळ रेषेत, थोडा फिरवत फिरवत बाहेर आणायचा.

हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही. काम शिकत होतो तेव्हा याच घराण्यातल्या ५.३ लिटरच्या इंजिनावर "तीन फेरे मार आणि ओढ, काही होत नाही" असं मला सांगितलं गेलं आणि मी ओढला, कॅम अर्धा बाहेर आला असताना आत टक् करून आवाज झाला. तो आवाज अजून कानात आहे. पडलेला लिफ्टर मॅग्नेटने शोधला, तो एका बाजूला आडवा होऊन अडकलेला, परत वर ट्रेत काही केल्या जाईना. शेवटी दोन्ही हेड उतरवली. त्या इंजिनाचे हेड बोल्ट ताणले जाणारे असतात, एकदा सोडले की परत वापरायचे नसतात, म्हणजे बोल्ट नवे, गॅस्केट नवी, कूलंट सगळं परत भरायचं, आणि गाडीचा मालक रोज येऊन उभा राहून बघायचा. मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्यानंतर सळयांशिवाय मी एकही कॅम काढलेला नाही.

लेखात "खास टूलची गरज नाही, ते हौशी लोकांचं काम" अशा अर्थाचं एक वाक्य आहे, त्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. खास टूल म्हणजे दरवेळी विकतचीच वस्तू असते असं कुठेय? १९८९ पासून डॉज रॅमच्या पिकअपमध्ये आलेलं कमिन्सचं ५.९ लिटर डिझेल घ्या. त्याचे टॅपेट खालून छत्रीसारखे रुंद असतात, त्यामुळे वरून निघतच नाहीत. मग पुशरॉडच्या भोकांतून लाकडी दांडे खाली घालून टॅपेटमध्ये घट्ट बसवायचे, टॅपेट वर ओढायचे आणि दोन दोन दांडे रबरबँडने एकमेकांना बांधून टाकायचे, १२ टॅपेट १२ दांड्यांवर लटकलेले, आणि खालून कॅम आरामात बाहेर. ही पद्धत खुद्द सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली आहे. टॅपेटच बदलायचे असतील तर कॅमच्या बोगद्यात अर्ध्या पाइपसारखी पन्हळ सरकवतात, टॅपेट तिच्यात सोडतात आणि पन्हळीसकट बाहेर ओढतात. हे ज्याने शोधलं त्याला माझा दंडवत. फोक्सवॅगनच्या एअरकूल्ड बीटल गाडीच्या इंजिनात केसचे दोन अर्धे जोडताना टॅपेट गळू नयेत म्हणून छोट्या स्प्रिंग क्लिपा लावतात, तीही त्याच जातीची गोष्ट.

एलएसमध्ये मात्र लाकडी दांडा मला पटत नाही. पुष्कळ लोक वापरतात, त्यांचं काम होतंही, पण बारीक लाकूड वाकतं, मध्येच मोडतं, आणि त्याचा कुसा आत राहिला तर पुढे तेलाबरोबर कुठे जाईल सांगता येत नाही. स्टीलची गुळगुळीत सळई घ्या, टोकं घासून गोल करा, पुसून तेल लावून आत घाला. पुशरॉडच्या भोकातून पेन्सिल मॅग्नेट सोडून लिफ्टर वर धरायचीही पद्धत आहे, पण १६ मॅग्नेट लागतात आणि एकाला कोपर लागलं की तो सुटला.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. काही वेळा लिफ्टर धरून ठेवण्यात अर्थच नसतो. सपाट बुडाच्या टॅपेटवाल्या इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांवर झिजून जुळलेले असतात, तिथे नवा कॅम म्हणजे टॅपेटही नवे, नाहीतर नवा लोब थोड्याच दिवसांत खलास. तसंच जनरल मोटर्सच्या ज्या व्ही-८ मध्ये १, ४, ६, ७ हे सिलिंडर बंद होण्याची सोय आहे त्यात १६ पैकी ८ लिफ्टर वेगळे असतात, ती सोय काढून टाकणारा कॅम घालायचा तर ते ८ बदलावेच लागतात आणि हेड उतरतंच. आणि गाडी खूप चाललेली असेल, ट्रेवर भरवसा वाटत नसेल, तर मीसुद्धा मालकाला हेड उतरवूया असंच सांगतो.

सळया काढायची वेळही सांगायला हवी. नवा कॅम पूर्ण आत बसला की मगच त्या काढायच्या, आधी नाही. मग कॅम हाताने फिरवून टॉर्चने प्रत्येक पुशरॉडच्या भोकात बघायचं, सगळे लिफ्टर खाली येऊन लोबवर बसलेत का. एखादा ट्रेत अडकून वरच राहिला असेल तर तो इथेच सापडतो, रॉकर (पुशरॉडच्या वर बसणारे, व्हॉल्व्ह दाबणारे हात) कसल्यावर नाही.

लेखकाबद्दल मनात काही राग नाही, बाकी लेख चांगला होता, टायमिंगच्या खुणा जुळवायचा भाग तर फारच छान. पण पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, लिफ्टर धरायची ही पायरी छापा, आणि जमलं तर सळया आत असलेल्या ब्लॉकचा समोरून घेतलेला एक फोटोही द्या.

आपला,
इंजिनकाम करणारा एक वाचक